मुलांचं औषध आणि खाणंपिणं: मेडिकलच्या काउंटरवर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

आपल्या घरांत औषधाचा एकच नियम सगळ्यांना पाठ असतो: उपाशीपोटी औषध घ्यायचं नाही. मोठ्यांच्या बाबतीत तो बऱ्याचदा खपून जातो. मुलांच्या बाबतीत मात्र त्यानेच घोळ होतात. तापलेलं मूल जेवत नाही म्हणून तापाचं औषध अडवून ठेवलं जातं, आणि जी गोळी खरोखर रिकाम्या पोटी द्यायची ती दुधात कालवली जाते. प्रत्येक औषधाचं अन्नाशी वेगळं नातं असतं. म्हणून औषध हातात पडलं की "हे खाण्याआधी, खाण्यानंतर की कधीही?" एवढं विचारूनच मेडिकलमधून निघा. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. बाटली घरी आल्यावर काय करायचं, ते इथे सांगतो.

ताप आहे, पण सकाळपासून पोटात काही नाही. पॅरासिटामॉल दिलं तर चालेल का?

चालेल. पॅरासिटामॉलला जेवणाची गरज नसते. भरल्या पोटी दिलं तर उलट ते जरा उशिरा लागू पडतं. ताप १०२ वर गेलेला असताना "आधी दोन घास खा, मग औषध" असा हट्ट करत तास-दीड तास घालवण्यात अर्थ नाही. अंग तापलेलं असताना भूक मरते. औषध दिल्यावर ताप थोडा उतरला की बरीच मुलं आपणहून पेज किंवा बिस्किट मागतात. तेव्हा क्रम उलटा ठेवा.

दोन अपवाद लक्षात असू द्या. मूल दोन-तीन दिवस जवळजवळ काहीच खात नसेल, सतत उलट्या होत असतील किंवा ते मुळात फार अशक्त असेल, तर डोसावर डोस देत राहू नका. अशा वेळी नेहमीचा डोसही यकृताला जड जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवा. दुसरं, बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर घरी औषध देऊन वाट बघायचीच नाही. इतक्या लहान बाळाचा ताप थेट डॉक्टरांकडे न्यायचा.

मग तापाचं कोणतं औषध खाऊनच द्यायचं?

आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड. ही दोन्ही पोटाच्या अस्तराला त्रास देतात, म्हणून दूध, दोन घास वरणभात, निदान एखादं केळं पोटात गेल्यावर द्यावीत. गोंधळ होतो तो बाटलीवरच्या मोठ्या अक्षरातल्या नावामुळे. आपल्याकडे पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल आणि मेफेनॅमिक ॲसिड एकत्र असलेली सिरपं सर्रास मिळतात, आणि घरी त्या सगळ्यांना "तापाचं गुलाबी औषध" म्हणतात. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं घटक औषधाचं नाव वाचा. पॅरासिटामॉल आधीच दिलेलं असताना असं जोड-सिरप वर दिलं, तर पॅरासिटामॉलचा डोस दुप्पट होतो.

या दोन औषधांबाबत जेवणापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेल्या मुलाला आयब्युप्रोफेन दिलं तर मूत्रपिंडांवर ताण येतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत, डेंगीची शंका असताना, ही दोन्ही औषधं टाळायची. प्लेटलेट घसरलेल्या असताना रक्तस्रावाचा धोका वाढतो. शंका फिटेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

मेफेनॅमिक ॲसिडबद्दल औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय फार्माकोपिया आयोगाने २०२३ च्या अखेरीस इशारा दिला होता. क्वचित कुणाला त्याची गंभीर ॲलर्जी येते: अंगावर पुरळ, ताप, गाठी, आणि आत यकृतासारख्या अवयवांना सूज. औषध सुरू केल्यानंतर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही पुरळ उठलं, तर औषध बंद करून डॉक्टरांना सांगा. ताप-दुखण्याचं निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. घरातल्या मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. ॲस्पिरिनचंही तेच. डॉक्टरांनी एखाद्या खास आजारासाठी सांगितलं असेल तरच ते मुलांना द्यायचं.

शेजारच्या ताईंनी "सहा एमएल द्या" सांगितलं. त्यांचं बाळही दहा किलोचंच आहे. बरोबर ना?

बाटली कुठली, यावर सगळं अवलंबून आहे. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस किलोमागे १० ते १५ एमजी असतो. दहा किलोच्या बाळाला १५० एमजी द्यायचं झालं, तर ५ एमएलमध्ये १२५ एमजी असलेल्या सिरपचे ६ एमएल लागतात. ५ एमएलमध्ये २५० एमजीवालं सिरप असेल तर ३ एमएल. आणि १ एमएलमध्ये १०० एमजी असलेले ड्रॉप्स असतील तर फक्त दीड एमएल. तेच "सहा एमएल" ड्रॉप्सच्या बाटलीतून गेले तर बाळाच्या पोटात ६०० एमजी जाईल, म्हणजे चौपट. ड्रॉप्सची बाटली लहान आणि बाळाच्या चित्राची असते, म्हणून ती सौम्य वाटते. प्रत्यक्षात तेच सगळ्यात कडक असतात.

म्हणून डॉक्टरांकडून डोस घेताना एमएलबरोबर एमजीही लिहून घ्या. बाटली बदलली, कंपनी बदलली की पुन्हा विचारा. दोन डोसांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर हवं, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. शेवटचा डोस किती वाजता दिला ते फ्रिजवर किंवा कॅलेंडरवर लिहून ठेवा. आई देते, मग आजी देते, मग ऑफिसातून आलेले बाबा देतात. तापाच्या औषधाचा जादा डोस बहुतेक वेळा असाच जातो.

घरातला चमचा वापरला तर काय बिघडतं?

एका घरातला चहाचा चमचा तीन एमएलचा निघतो, दुसऱ्या घरातला सात. बाटलीसोबत आलेलं मापाचं टोपण किंवा मेडिकलमधली बिनसुईची सिरिंज वापरा. दोन-पाच रुपयांची ती सिरिंज मला टोपणापेक्षा जास्त खात्रीची वाटते, कारण टोपण तिरकं धरलं की माप चुकतं आणि तळाला चिकटलेलं औषध तिथेच राहतं. सिरिंजच्या टोकाला छोटं टोपण असेल तर बाळाजवळ जाण्याआधीच काढून दूर ठेवा, ते घशात जाऊ शकतं.

"उपाशीपोटी" म्हणजे नक्की किती? आमचं बाळ दर दोन तासांनी दूध पितं.

औषधांच्या भाषेत रिकामं पोट म्हणजे खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यानंतर दोन तास. "जेवणानंतर" म्हणजे जेवण संपल्यावर लगेच, फार तर अर्ध्या तासात. दुपारच्या झोपेनंतर दिलेलं औषध जेवणानंतरचं धरत नाहीत. "जेवणाआधी" लिहिलेली उलटीची आणि ॲसिडिटीची औषधं साधारण अर्धा तास आधी द्यायची.

दर दोन तासांनी पिणाऱ्या बाळाला दोन तास उपाशी ठेवणं शक्य नाही आणि कोणी ठेवूही नये. अशा बाळाला दोन दुधांच्या मधल्या वेळात द्या, आणि रोज तीच वेळ पाळा. रोज एकाच पद्धतीने दिलं तर डॉक्टरांना त्यानुसार डोस जुळवता येतो. आज दुधाआधी, उद्या दुधानंतर असं झालं की तपासणीचे आकडे खालीवर होतात आणि कारण कळत नाही.

दुधाच्या बाटलीत औषध घालून दिलं तर बाळाला कळतही नाही. काय हरकत आहे?

बाळ बाटली संपवेलच याची खात्री नसते. शंभर एमएल दुधात औषध मिसळलं आणि तीस एमएल उरलं, तर किती औषध पोटात गेलं? कोणालाच सांगता येणार नाही. मग घरात चर्चा सुरू होते, अर्धा डोस परत द्यायचा का. शिवाय दुधाची चव बदललेली बाळाला चांगलीच कळते, आणि त्याचं औषधाशी वैर जडण्याऐवजी दुधाशीच जडतं. आजारी बाळ दूधही सोडून बसलं तर मोठी पंचाईत. पूर्ण वाटी खीर, पूर्ण ताट वरणभात, पाण्याची सगळी बाटली यांनाही हेच लागू.

मग कशात कालवावं?

आधी विचारा की कालवायची गरज आहे का. बहुतेक सिरपं गोडच असतात. थेट द्या आणि वर घोटभर पाणी पाजा. अगदीच कडू असेल तर एक-दोन चमचे मऊ पदार्थात, जे मूल एका दमात संपवेल: कुस्करलेलं केळं, साखरांबा, मोरांबा, गुळाचा पाक, उन्हाळ्यात आमरस. पदार्थ थंड किंवा कोमट असावा. वाफाळत्या पेजेत किंवा गरम शिऱ्यात औषध घालू नका, उष्णतेने काही औषधांची ताकद जाते. कालवलेलं लगेच द्या, पुढच्या डोसासाठी ठेवू नका. जो पदार्थ मुलाचं रोजचं मुख्य अन्न आहे त्यात कालवू नका, नाहीतर उद्यापासून मऊ भातही नको होईल.

प्रेडनिसोलोनसारख्या कडू औषधासाठी (ते सकाळी, खाल्ल्यानंतर द्यायचं असतं) माझा आवडता उपाय म्हणजे आधी अर्धा चमचा गार श्रीखंड, मग औषध, मग पुन्हा श्रीखंड. गारव्याने जीभ जरा बधिर होते. हे अर्थात घरचं वरचं खाणं सुरू झालेल्या, थोड्या मोठ्या मुलांसाठी. सहा महिन्यांखालच्या बाळाला औषध पातळ करावं लागलंच तर काढलेल्या आईच्या दुधाचा एखादा चमचा पुरे. आणि वर्षाच्या आत मध कशातही नको. त्याबद्दल पुढे आहेच.

सगळ्यांना लागू न पडणारे दोन तपशील. दमा-ॲलर्जीच्या मॉन्टेलुकास्टच्या दाण्यांची पुडी मऊ भातात किंवा चमचाभर आईच्या दुधात चालते, पण पुडी फोडल्यापासून पंधरा मिनिटांत संपवायची. ॲलर्जीचं फेक्सोफेनाडिन मात्र फळांच्या रसासोबत देऊ नका. संत्रं-सफरचंदाच्या रसाने त्याचं शोषण कमी होतं. ते साध्या पाण्यासोबत.

अँटिबायोटिकसोबत दूध चालत नाही, हे खरं ना?

काहींच्याच बाबतीत. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांना दुधातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून मध्ये दोन तासांचं अंतर हवं. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला ताप) साथीत डॉक्सिसायक्लिन घराघरांत येतं. ती गोळी मोठ्या मुलाने बसून, भरपूर पाण्यासोबत घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, अन्ननलिका भाजल्यासारखी दुखते.

मुलांना सर्वाधिक दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन दुधासोबत बिनधास्त चालतं. त्यात क्लॅव्ह्युलेनिक ॲसिड असेल तर ते जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर द्या. त्याने शोषणही चांगलं होतं आणि पोट बिघडणं कमी होतं, तरी एक-दोन पातळ शी होतात, त्या धरूनच चला. सेफ्युरोक्झिमचं सिरप खाल्ल्यावरच द्यायचं. अझिथ्रोमायसिनचं सिरप कधीही चालतं, फक्त ॲसिडिटीच्या पातळ पांढऱ्या-गुलाबी औषधासोबत नको.

पावडरच्या बाटलीत पाणी किती घालायचं?

बाटलीवर किंवा लेबलवर बाणाची खूण असते. आधी बाटली उलटीसुलटी हलवून पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस बसू द्या. मग पुन्हा खुणेपर्यंत भरा. फेसालाच पातळी समजल्याने औषध दाट होतं आणि डोस जास्त जातो. खोक्यात निर्जंतुक पाण्याची कुपी दिलेली असेल तर ती संपूर्ण ओता. जमत नसेल तर मेडिकलवाल्याकडूनच तयार करून घ्या, त्यात कमीपणा नाही. प्रत्येक डोसाआधी बाटली हलवायची. क्लॅव्ह्युलेनिक ॲसिडवालं औषध फ्रिजमध्ये ठेवायचं, दारात नको, आतल्या कप्प्यात. तयार केल्याची तारीख पेनाने लिहा. लेबलवर दिलेले दिवस संपले की उरलेलं टाकून द्या. "पुढच्या खोकल्याला कामी येईल" म्हणून ठेवलेली बाटली पुढच्या खोकल्याला कामी येत नाही.

औषध दिलं आणि लगेच उलटी झाली. परत द्यायचं का?

अर्ध्या तासाच्या आत सगळं बाहेर पडलं असेल, तर तापाचं किंवा नेहमीचं अँटिबायोटिक तोच डोस एकदा परत देता येतं. पंधरा मिनिटं थांबा, दोन घोट पाणी राहतंय का बघा, मग द्या. अर्धा तास उलटून गेला असेल तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा. दुसऱ्यांदाही उलटी झाली तर तिसरा प्रयोग नको, फोन करा. फिट्स, हृदय, मधुमेह यांची औषधं असतील तर पहिल्याच उलटीला डॉक्टरांना विचारा, अंदाजाने परत देऊ नका. थोडंसं थुंकलं, ओठांवरून ओघळलं, तर पूर्ण डोस परत नको.

आशाताईंनी लोहाची बाटली दिली. दुधातून दिली तर शी काळी झाली. थांबवू का?

काळी शी लोहाचीच, घाबरू नका. थांबवायचं ते दूध. लोह आणि दूध एकत्र गेले की लोह पुरतं अंगी लागत नाही, चहाने तर त्याहून कमी. (दोन वर्षांच्या मुलाला बशीतून चहा देणारी घरं अजून भरपूर आहेत, म्हणून सांगितलं.) लिंबू पिळलेलं वरण, आवळा, मोसंबी यांच्यासोबत दिलं तर जास्त शोषलं जातं. तत्त्वतः ते रिकाम्या पोटी सगळ्यात चांगलं, पण मळमळ होते, म्हणून खाल्ल्यानंतर थोड्या वेळाने आणि दुधापासून दोन तास दूर, हा व्यवहारी मार्ग.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा १ एमएल द्यायचं असतं, त्यात २० एमजी लोह असतं. एक एमएलच, चमचाभर नव्हे. दातांवर डाग पडू नयेत म्हणून सिरिंज गालाच्या आत धरा आणि नंतर पाणी पाजा. शाळेतली आठवड्याची गोळी, ५ ते ९ वर्षांसाठी गुलाबी आणि १० ते १९ साठी निळी, पोषण आहाराची खिचडी खाल्ल्यावर घ्यायची. डबा किंवा खिचडी न खाता गोळी घेतलेल्या मुलांनाच बहुधा मळमळतं, आणि मग गावभर होतं की गोळीने विषबाधा झाली.

बाळाला जन्मतःच थायरॉइड कमी आहे. एवढ्याशा बाळाला गोळी कशी द्यायची?

हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण इथली चूक लवकर दिसत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ थायरॉइडच्या संप्रेरकावर चालते. डोस नीट अंगी लागला नाही तर बाळ वरवर ठीक दिसतं आणि नुकसान आत होत राहतं.

थायरॉक्सिनची गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून बारीक करा, त्यात चमचाभर पाणी किंवा काढलेलं आईचं दूध घाला आणि सिरिंजने लगेच पाजा. चमच्याला चिकटलेली पावडर आणखी थोड्या पाण्याने धुऊन तीही द्या. गोळी इतकी लहान असते की चमच्याला राहिलेला भागही मोठा ठरतो. वेळ सकाळची, दुधाच्या अर्धा तास आधी. बाळ रडून घर डोक्यावर घेत असेल तर डॉक्टरांशी बोलून दुसरी वेळ ठरवा, पण मग तीच कायम ठेवा. लोह, कॅल्शियम आणि सोयाचं दूध यांच्यापासून चार तास लांब. आठवड्याच्या गोळ्या एकदम विरघळवून बाटलीत ठेवायच्या नाहीत, त्या द्रवात औषध टिकत नाही. आणि गोळ्यांची बाटली उन्हात, गॅसच्या ओट्याजवळ नको.

टीबीच्या गोळ्या, हिवतापाच्या गोळ्या?

टीबीतलं रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी जास्त शोषलं जातं, म्हणून सकाळी उठल्यावर, न्याहारीच्या तासभर आधी. मुलांसाठी सरकारकडून पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या विरघळवून लगेच पाजा. लघवी नारिंगी होते, त्याची भीती नको. उलट्या होत असतील तर औषध स्वतःहून बंद करण्यापेक्षा आरोग्य केंद्रात सांगा, थोडं काही खायला देऊन चालतं का ते डॉक्टर बघतील.

हिवतापाचं उलटं आहे. प्रायमाक्विन आणि क्लोरोक्विन रिकाम्या पोटी दिलं तर मळमळ, पोटदुखी होते, म्हणून ती खाल्ल्यावरच. प्रायमाक्विन वर्षाच्या आतल्या बाळाला देत नाहीत. देताना लघवी काळसर झाली तर लगेच थांबवून दवाखाना गाठा.

सासूबाई रोज गुटी देतात. त्यात थोडा मध असतो. औषधासोबत चालेल?

मधाबद्दल तडजोड नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, बोटभरही नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते निरुपद्रवी ठरतात, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, आणि बाळ लुळं पडतं. मध उकळूनही हा धोका जात नाही.

गुटीबद्दल सासूबाईंशी भांडायला मी सांगणार नाही. सहाणेवर जायफळ, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, बदाम यांचे वळसे देण्यात पिढ्यांची माया आहे. पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, हा सरळ नियम आहे. गुटीत जायफळाचे वळसे जास्त झाले की बाळ गुंगतं. आजारी बाळ औषधाने झोपलंय, तापाने की जायफळाने, हे डॉक्टरांना ओळखता येत नाही. सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब वेगळेच. बाळ आजारी असेपर्यंत गुटी बंद, हे तरी पदरात पाडून घ्या. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणा, घरात शांतता राहते. कुठलंही भस्म, कुठलीही नाव नसलेली पुडी मात्र अजिबात नको, त्यात शिसं किंवा पारा असू शकतो.

खोकल्याचं औषध जेवणानंतर देऊ की झोपताना?

लहान मुलाला शक्यतो देऊच नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुलं दगावली. मूत्रपिंडं निकामी झालेल्या त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्याच सुमारास केंद्राच्या आरोग्य विभागाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. त्याआधी, २०२३ च्या डिसेंबरात, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखाली वापरू नयेत असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश निघाला होता.

दोष फक्त भेसळीचा नाही. शुद्ध सिरपानेही लहान मुलाचा खोकला लवकर बरा होत नाही. वर्षावरच्या मुलाला झोपण्याआधी अर्धा चमचा मध, कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. श्वास जोरात चालत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर सिरप शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

जुलाबात ओआरएस आणि झिंक कसं द्यायचं?

एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात. अर्धी पुडी ग्लासात अंदाजाने घालू नका, दुधात किंवा सरबतात मिसळू नका, वरून साखर नको. चमच्या-चमच्याने, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. दुकानातल्या गोड पेयांच्या खोक्यांवर "ओआरएस" लिहिण्याला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. तरी घेताना पुडी मेडिकलमधलीच आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची आहे का, ते वाचा.

झिंकची गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. सहा महिन्यांपर्यंत १० एमजी, त्यावर २० एमजी, रोज एकदा, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस. रिकाम्या पोटी ओकारी येत असेल तर थोडं खायला देऊन द्या. आणि जेवण बंद करायचं नाही, अंगावरचं दूध तर मुळीच नाही.

अंगणवाडीत जंताची गोळी (अल्बेंडाझोल) देतात. उपाशी द्यायची का?

पोटातल्या जंतांसाठी खाऊन-न खाऊन सारखंच. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, म्हणजे २०० एमजी, त्यावर पूर्ण ४०० एमजी. खरी काळजी घशाची. लहान मुलाला गोळी दोन चमच्यांमध्ये चुरून पाण्यात कालवून द्या, मोठ्याला समोर उभं राहून चावायला लावा. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात अख्खी गोळी कोंबू नका. त्या दिवशी ताप असेल तर बरं झाल्यावर द्या.

कोणतीही गोळी फोडून दिली तर चालते का?

नाही. नावापुढे एसआर, सीआर, एक्सआर अशी अक्षरं असतील (म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी), किंवा पोटात न विरघळता आतड्यात विरघळण्यासाठी वर आवरण असेल, तर फोडल्यावर सगळं औषध एकदम सुटतं किंवा आम्लात वाया जातं. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे केळ्याच्या गरावर टाकता येतात, पण ते चावायचे नसतात. विचारल्याशिवाय उघडू नका. सहा-सात वर्षांच्या पुढे मुलाला गोळी गिळायला शिकवता येतं. ताठ बसवून रंगीत गोड बडीशेपेच्या एका दाण्यापासून सुरुवात करा, हसत-खेळत, आजारी नसताना.

नाक दाबल्याशिवाय तोंडच उघडत नाही.

नाक दाबू नका. आडवं धरून बोंडल्याने घशात ओतूही नका. रडताना श्वास आत घेतला जातो आणि औषध फुफ्फुसात जातं. मांडीवर अर्धवट बसवा, सिरिंज जीभ आणि गाल यांच्यामध्ये, मागच्या बाजूला वळवा, अर्धा-अर्धा एमएल सोडा आणि गिळू द्या. तीन वर्षांच्या मुलाला एक निवड द्या: "वाटीने की पिचकारीने?" औषध घ्यायचं की नाही, हे विचारायचंच नाही. आणि औषधाला चॉकलेट किंवा सरबत म्हणू नका. ज्या मुलाला सिरप म्हणजे चॉकलेट वाटतं ते उद्या खुर्चीवर चढून बाटली शोधतं.

व्हिटॅमिन डीचे थेंब कधी?

दुधासोबत किंवा दुधानंतर, ते स्निग्ध पदार्थात विरघळतं. बाळाला दिवसाला ४०० युनिट पुरतात. काही बाटल्यांत १ एमएलमध्ये ४००, काहींत ८०० युनिट असतात. आणि ६०,००० युनिटची आठवड्याची छोटी बाटली दिसायला तशीच असते. ती रोज दिली गेल्याने बाळं दवाखान्यात भरती होतात.

मुलाने बाटली उघडून प्यायली. आधी काय करू?

तोंडात उरलेलं बोटाने काढा. उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, दूध पाजून "उतारा" करू नका. बाटली किंवा पाकीट सोबत घ्या, साधारण किती कमी झालंय आणि किती वाजता, ते लक्षात ठेवा, आणि मूल खेळतंय म्हणून न थांबता दवाखान्यात न्या. गुंगी, फिट किंवा श्वासाला त्रास असेल तर १०८ ला फोन करा. पॅरासिटामॉल जास्त गेलेलं मूल पहिल्या दिवशी अगदी ठणठणीत दिसू शकतं. त्याचा उतारा दवाखान्यात असतो आणि पहिल्या आठ तासांत मिळाला तर फार चांगला लागू पडतो.

घरात कोणी गरोदर असेल तर त्यांच्या लोहाच्या लाल गोळ्या उशीखाली किंवा फ्रिजवर ठेवू नका. गोड आवरणाच्या त्या गोळ्या मुलांना शेंगदाण्याच्या रंगीत गोळ्यांसारख्या दिसतात, आणि मूठभर गेल्या तर जीव जाऊ शकतो. आजोबांची शुगरची आणि बीपीची गोळी तर एखादीही पुरे. सगळी औषधं एका कुलूपबंद डब्यात, मुलाचा हात आणि खुर्ची दोन्ही पोचणार नाहीत इतक्या उंचीवर.